भाच्याचं हरण, फुटलेली गोळी आणि आईचा प्रश्न

आधी एक गोष्ट सांगून टाकतो म्हणजे गैरसमज नको. आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि तो असायलाच हवा. आमच्या नाशिक जिल्ह्यात येवल्याच्या बाजूला ममदापूरला काळविटांचं राखीव क्षेत्र आहे, मी तिथं दोनदा जाऊन आलोय, ते कळप बघितले की कुणालाही वाटेल की यांना कुणी हात लावू नये. त्यामुळे हे वाचून इथं कुणी काही करायचा विचार करत असेल तर इथंच थांबा. हे प्रकरण अमेरिकेतलं आहे, मिनेसोटा राज्यातलं, तिथं लायसन्स काढून, ठरलेल्या सीझनमध्ये, टॅग लावून हरणं मारता येतात, आणि माझा सख्खा भाचा तिथं गेली नऊ वर्षं राहतो.

माझा संबंध काय, तर मी मेटलर्जीवाला. अंबड एमआयडीसीत उष्णोपचार आणि टेस्टिंगच्या कामात उभं आयुष्य गेलं. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टूची रायफल चालवली तेवढाच बंदुकीचा अनुभव. शिकार मी कधी केली नाही, करणारही नाही. पण या प्रकरणात जो प्रश्न आला तो शेवटी धातूचाच निघाला, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय. बाहेर राहणारी आपली पोरं हल्ली तिथल्या मित्रांबरोबर जायला लागलीत, त्यातल्या एकाला जरी उपयोग झाला तरी पुष्कळ.

नोव्हेंबरातली गोष्ट, रात्रीचे सव्वाबारा झाले होते आणि फोन वाजला. तिथं दुपार, आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. भाचा बोलतच नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं अपघात झाला. मग म्हणाला, "मामा, मी एका जनावराला पाच तास तडफडत ठेवलं."

झालं होतं ते असं. ऑफिसातल्या एका मित्राच्या सासऱ्यांची राज्याच्या उत्तर भागात जंगलाला लागून जमीन आहे. भाच्याने सेफ्टीचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं, भगवं जॅकेट घेतलं (तिथं असा भडक रंग सक्तीचा आहे, दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा म्हणून), सगळं व्यवस्थित केलं. रायफल मित्राची, .३०० विन्चेस्टर मॅग्नम. हे काडतूस १९६३ चं, लांब पल्ल्यासाठी आणि एल्कसारख्या मोठ्या जनावरांसाठी नाव असलेलं. गोळ्या भाच्याने स्वतः घेतल्या, दुकानात जी सगळ्यात स्वस्त पेटी होती ती, १५० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला मऊ शिसं उघडं ठेवलेली. ग्रेन म्हणजे वजनाचं माप, १५० ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास. पेटीवर हरणाचं चित्र होतं, त्याला वाटलं झालं काम.

सकाळी सव्वासातला एक नर समोर आला, ७०-७५ किलोचा असेल, अंतर फक्त ३५ यार्ड. आडवा उभा होता तोवर ठीक होतं, पण भाच्याने ट्रिगर दाबायच्या क्षणाला तो याच्याकडे वळला आणि गोळी खांद्याच्या सांध्यावर बसली. जनावर कोसळलं, पुन्हा उठलं आणि तीन पायांवर पळत सुटलं. मित्र म्हणाला अर्धा तास थांब, लगेच मागे लागलो तर ते अजून लांब पळेल. अर्ध्या तासाने गेले तर बर्फावर थोडे केस, हाडाचा एक तुकडा आणि लाल थेंब, तेही लांब लांब. रक्ताच्या रंगावरून बरंच कळतं म्हणे, गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, गडद काळपट असेल तर यकृत, हिरवट आणि वास येणारं असेल तर पोट. इथं यातलं काहीच नव्हतं, फक्त मांसातलं रक्त. दोनदा ते बसलेलं सापडलं आणि दोनदा उठून पळालं. शेवटी बाराच्या पुढे एका दलदलीत झाडांच्या आत सापडलं, जिवंत, मान वर करून बघत होतं. दुसरी गोळी मानेच्या बुडाशी घालून संपवलं.

सोलताना जे दिसलं त्याचे फोटो त्याने पाठवले. खांद्याचं मांस अक्षरशः लगदा झालेलं, सांधा फुटलेला, पण फासळ्यांच्या आत जवळजवळ काहीच नाही. एका फुप्फुसावर काळानिळा डाग, बस. आणि गोळीचं तांब्याचं कवच, रिकामं, चुरगळलेलं, खांद्याच्या हाडापाशी पडलेलं. आतलं शिसं गायब, म्हणजे कणाकणाने मांसात विखुरलेलं.

हे सगळं सकाळी आईला कळलं. आई पंचवटीत जुन्या घरात राहते, सीतागुंफेपासून चालत पाच मिनिटं, वय ८३. मला वाटलं ती भाच्यावर चिडेल. ती चिडली नाही. एवढंच विचारलं, "लगेच मेलं का रे ते?" मी गप्प. मग म्हणाली, "मारीच राक्षस होता, हरणाचं नुसतं सोंग होतं, तरी रामाने एकच बाण मारला. पोराला सांग, ज्याला एका बाणात मारता येत नाही त्याने धनुष्य उचलू नये."

मी तिला काही उत्तर दिलं नाही पण पुढचे आठ-दहा महिने आम्ही दोघं मामा-भाचे जे करत होतो ते या एका वाक्याचं उत्तर शोधत होतो असं म्हणायला हरकत नाही.

आता पहिली गंमत बघा, म्हणजे वाईट अर्थाने. भाच्याला तिथल्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला, की रायफल कमी पडली, अजून मोठी घे. दुसऱ्या बाजूला मी इथून ठाम सांगत होतो की गोळी खराब निघाली, बनवणाऱ्याची चूक, तक्रार कर. दोन्ही चूक होतं, माझंही.

चूक कशी कळली ते सांगतो. मी त्याला म्हटलं त्याच पेटीतल्यासारख्या गोळ्या नुसत्या मिळतात का, दारूशिवाय? तिथं मिळतात, काडतुसं घरी भरणारे लोक घेतात. नुसती गोळी म्हणजे धातूचा तुकडा, त्यात फुटण्यासारखं काही नसतं. ती व्हाइसमध्ये धरून कानशीने उभी अर्ध्यापर्यंत घासायला लावली, मग पाण्याच्या पेपरने २२०, ४००, ८००, १००० असं पॉलिश, आणि मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून फोटो, बाजूला स्केल ठेवून. आमच्या लॅबमध्ये रोज हेच करतो आपण, फक्त इथं टेक्निशियन मिनियापोलिसच्या गॅरेजमध्ये होता.

फोटोत दिसलं की गोळी उत्तम बनवलेली आहे. शिसं मध्यभागी, पोकळी नाही, कवच दोन्ही बाजूंनी सारखं. कवच म्हणजे गिल्डिंग मेटल, ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्त. पण नाकाकडे ते अर्धा मिलिमीटरही नव्हतं आणि शिसं कवचाला चिकटवलेलं नव्हतं, नुसतं दाबून बसवलेलं. म्हणजे डिझाइनच असं की हलक्या धक्क्याने उघडावं. मग मी हिशोब मांडला.

ओलं मांस म्हणजे घनतेच्या दृष्टीने पाणीच. त्यात शिरताना गोळीच्या नाकावर जो दाब येतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. .३०८ विन्चेस्टरसारख्या साध्या रायफलमधून ही १५० ग्रेनची गोळी १०० यार्डावर साधारण २५०० फूट प्रति सेकंदाने लागते, तेव्हा नाकावर २९० मेगापास्कलच्या आसपास दाब येतो. .३०० मॅग्नममधून ती निघतेच ३२९० ने, आणि ३५ यार्डावर ३२०० च्या जवळ असते, तिथं दाब होतो ४७५ मेगापास्कल. वेग फक्त सव्वापटीच्या थोडा वर, दाब आणि ऊर्जा दीडपटीहून जास्त. शुद्ध शिसं दहा-पंधरा मेगापास्कलला वाकायला लागतं, अँटिमनी घालून कडक केलं तरी काही पटच. सगळा भार त्या पातळ कवचावर, आणि वर समोर मांस नाही तर हाड, खांद्याचा सांधा. मग ती फुटणार नाही तर काय होणार.

आमच्याकडे सीएनसीवर काम करणाऱ्या कुठल्याही पोराला हे लगेच कळेल. कार्बाइड इन्सर्टच्या, म्हणजे धातू कापायच्या टोकाच्या, डबीवर कटिंग स्पीड लिहिलेला असतो, इतक्यापासून इतक्यापर्यंत. त्याच्या खाली चालवलं तर घासतं, वर चालवलं तर टोक उडतं, आणि टोक उडालं म्हणून इन्सर्ट खराब म्हणत नाही कुणी. गोळीचंही तसंच, प्रत्येक गोळीला वेगाची खालची हद्द असते आणि वरची असते. खालची तरी बऱ्याच कंपन्या सांगतात, वरची पेटीवर सहसा छापत नाहीत. हरणाचं चित्र छापतात.

म्हणजे त्या दिवशी ताकद कमी पडली नव्हती, जास्त झाली होती. आणि लोक त्याला अजून ताकद घ्यायला सांगत होते.

इथं थोडं मुळात जातो, कारण याशिवाय पुढचं समजणार नाही. हरीण मरतं कशाने? धक्क्याने नाही. मेंदूला रक्त मिळायचं बंद झालं की मरतं. छाती आडवी समोर असेल तर हृदय-फुप्फुसांचा जो भाग आहे तो साधारण ८ इंचाच्या वर्तुळात बसतो, जेवणाच्या छोट्या ताटलीएवढा. गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली तर जनावर दहा-पंधरा सेकंदांत पडतं, तेवढ्यात पन्नास-शंभर यार्ड पळूही शकतं, पण ते शुद्धीत फार नसतं. एकाच फुप्फुसाला लागली तर तासन् तास जगू शकतं. त्यामुळे गोळीकडून दोन गोष्टी हव्यात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत: उघडली पाहिजे म्हणजे वाट रुंद होईल, आणि तुटता कामा नये म्हणजे वाट पलीकडेपर्यंत जाईल. गोळीच्या सगळ्या प्रकारांचा इतिहास म्हणजे या दोघींमधली भांडणं सोडवणं आहे.

आमच्या ग्रुपमध्ये एकाने विचारलं होतं की मग लष्करी गोळी का नको, ती तर फुटत नाही. ती पूर्ण कवचाची असते, उघडतच नाही, बारीक भोक पाडून पलीकडे जाते आणि जनावर जखमी होऊन लांब कुठेतरी दोन दिवसांनी मरतं. मिनेसोटात हरणासाठी सॉफ्ट पॉइंट किंवा उघडणारी गोळीच कायद्याने लागते. यात आपल्या देशाचाही एक धागा आहे, उघडणाऱ्या गोळीला जगभर ज्या नावाने ओळखतात ती डमडम म्हणजे कोलकात्याजवळचं डमडम, तिथल्या ब्रिटिश कारखान्यात १८९० च्या दशकात ती निघाली. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळीवर बंदी आली, कारण माणसाला निष्कारण यातना. आणि हरणाच्या बाबतीत बरोबर उलट, तिथं न उघडणारी गोळी यातना देते. मला हे वाचून बराच वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

तर आमच्यासमोर पर्याय काय होते. रायफल तीच ठेवून गोळी जड आणि चिवट घ्यायची, १८० ग्रेनची बाँडेड. बाँडेड म्हणजे शिसं कवचाला धातूनेच जोडलेलं, त्यामुळे वेगळं होत नाही. जड गोळी निघतेही कमी वेगाने, २९५० च्या आसपास, म्हणजे नाकावरचा दाबही उतरतो. दुसरा पर्याय पार्टिशन, याची गोष्ट मला फार आवडते. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाचे गृहस्थ कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूस नावाचं प्रचंड मोठं हरीण मारायला गेले, .३०० हॉलंड अँड हॉलंड घेऊन, म्हणजे तीही त्या काळची जोरदार मॅग्नम, आणि चिखलाने माखलेल्या मूसच्या खांद्यावर गोळ्या वरच्यावर फुटल्या. आत गेल्याच नाहीत. भाच्याचंच प्रकरण, पाऊणशेहून जास्त वर्षांपूर्वी! त्यांनी घरी येऊन अशी गोळी बनवली की मध्ये तांब्याची आडवी भिंत, पुढचा कप्पा उघडतो, फुटला तरी चालेल, मागचा कप्पा भिंतीमुळे शाबूत राहून आत जात राहतो. १९४८ पासून ती विकायला आली आणि अजून विकतात. दोन परस्परविरोधी कामं एकाच तुकड्याकडून करून घ्यायची तर तुकड्याचे दोन भाग करा, इतकं सरळ. मला हे डिझाइन म्हणून नमस्कार करण्यासारखं वाटतं.

तिसरा पर्याय पूर्ण तांब्याची गोळी. शिसं नाहीच. १९८० च्या दशकात बार्न्स कंपनीने ही कल्पना रुळवली, नाकात पोकळी, ती दाबाने उघडते आणि चार पाकळ्या मागे वळतात, देठ तसाच राहतो. वजन जवळजवळ अजिबात कमी होत नाही. तोटे आहेत. तांब्याची घनता ८.९६ आणि शिशाची ११.३४, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून साधारण एक पायरी हलकी घेतात. तांबं चिवट असल्यामुळे खालच्या हद्दीला जास्त वेग लागतो, शिशाच्या गोळ्या वेग १८०० फूट प्रति सेकंदापर्यंत उतरला तरी उघडतात, बऱ्याच तांब्याच्या गोळ्यांना २००० च्या आसपास हवे. म्हणजे ३००-४०० यार्डावर मारणाऱ्याने बघून घ्यावं, तिथं ती न उघडता लष्करी गोळीसारखी निघून जाऊ शकते. आणि किंमत, साध्या पेटीच्या जवळपास दुप्पट.

भाच्याचं जंगल दाट, तिथं १०० यार्डाच्या पुढे काही दिसतच नाही. म्हणजे खालच्या हद्दीची त्याला काळजीच नव्हती, वरच्या हद्दीची होती. हे लक्षात आलं आणि अर्धी निवड तिथंच झाली.

उन्हाळ्यात त्याने पाण्याच्या गॅलनच्या बाटल्या रांगेत ठेवून तीन प्रकार मारून बघितले, ३५ यार्डावरूनच, मुद्दाम, आणि पहिल्या बाटलीपुढे लाकडाची फळी, हाडाच्या जागी म्हणून. हे काही गोळ्या तपासायचं शास्त्रीय जेल नाही, मान्य, पण तुलना तर कळते. जुनी गोळी दुसऱ्या बाटलीत संपली, उरलं ६० ग्रेनच्या आसपास. बाँडेड १८० ची पाचव्यात सापडली, छत्रीसारखी उघडलेली, शिसं आत. तांब्याची १५० ची सहाव्यात, चार पाकळ्या, वजन १४८. तिघींचे फोटो एका रांगेत लावून त्याने पाठवले ते मी लॅबमध्ये लावलेत, पोरं विचारतात हे काय आहे म्हणून.

पण याच टेस्टमध्ये दुसरी गोष्ट बाहेर आली आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बाटल्या एका ओळीत असूनही त्याचे नेम डावी-उजवी जात होते. मित्राने मग एनसीसीत आमचे उस्ताद करायचे तेच केलं, त्याच्या नकळत मॅगझिनमध्ये मध्येच रिकामं काडतूस घातलं. ट्रिगर दाबला, आवाज नाही, आणि रायफलचं तोंड सरळ खाली गेलं. म्हणजे हा धक्क्याच्या भीतीने आधीच दचकत होता. .३०० मॅग्नमचा धक्का .३०८ च्या मानाने बराच जोरात, नवशिक्याच्या खांद्याला तो लक्षात राहतो आणि मग शरीर स्वतःहून आवरायला बघतं. त्या दिवशी हरीण वळलं हे खरं, पण गोळी पुढे गेली त्यात याचाही हात होता. गोळी कितीही चांगली घ्या, ८ इंचाच्या ताटलीत ती ठेवणारा हात दचकत असेल तर सगळं व्यर्थ आहे. हे त्याने स्वतः मान्य केलं, मी सांगावं लागलं नाही, याचं मला बरं वाटलं.

मग त्याने रायफलच बदलली. सेकंडहँड .३०८ घेतली, साध्या वेगाची, १९५२ चं जुनं जाणतं काडतूस, कमी धक्का. आता प्रश्न उरला गोळीचा, आणि खरं सांगायचं तर .३०८ च्या वेगाला तीच जुनी स्वस्त सॉफ्ट पॉइंट व्यवस्थित चालली असती. लाखो हरणं तशाच गोळीने नीट मरतात. मी त्याला तसं सांगितलंही. तरी आम्ही तांब्याची १५० ग्रेनची ठरवली, आणि त्याचं कारण हरीण नव्हतं.

कारण गरुड. हरीण मारल्यावर आतडी जंगलातच टाकतात आणि ती खायला पांढऱ्या डोक्याचे गरुड (बाल्ड ईगल) येतात, अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी. शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात आणि त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र की शिसं विरघळून रक्तात उतरतं. सेंट पॉलला विद्यापीठाचं रॅप्टर सेंटर आहे, १९७४ पासूनचं, तिथं असे विषबाधा झालेले गरुड आणतात. २०२२ मध्ये ३८ राज्यांतल्या १२०० हून जास्त गरुडांचा अभ्यास छापून आला, जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत जुन्या शिसेबाधेच्या खुणा. कॅलिफोर्नियात तर काँडॉर गिधाडांसाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे. हे मी वाचलं तेव्हा मला आपली गिधाडंच आठवली. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने किती मेली, २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं तेव्हा उशीर झाला होता. आपल्याकडे हरसूलच्या बाजूला खोरीपाड्याला वनखातं आणि गावकरी गिधाडांसाठी मेलेली जनावरं तपासून टाकतात, मी उभा राहून बघितलंय, पन्नासेक गिधाडं उतरली होती. जटायू पडला ते टाकेद इथून लांब नाही. मेलेलं मांस खाऊन जगणाऱ्याच्या पानात विष वाढायचं नाही, एवढं आपल्याला इथं राहून तरी समजायला हवं.

आणि माणसांच्या पानातही. २००८ मध्ये नॉर्थ डाकोटात गरिबांसाठी दान आलेलं हरणाचं खिमा-मांस शिशाचे कण सापडले म्हणून फेकायला लावलं होतं, त्याच वर्षी मिनेसोटाच्या निसर्गसंपदा खात्याने मेलेल्या मेंढ्यांवर गोळ्या झाडून एक्स-रे काढले, जोरात फुटणाऱ्या गोळ्यांचे कण जखमेपासून बरेच लांब सापडले. भाच्याला पाच वर्षांची मुलगी आहे. त्याने दुप्पट पैसे दिले, एका शब्दाने कुरकुर न करता. वर्षात हरणावर झाडायची गोळी एक किंवा दोन, हिशोब केला तर काय तो फरक.

दुसऱ्या वर्षीचा नोव्हेंबर. तीन दिवस बसून त्याने एकदाही झाडली नाही, दोन जनावरं आली, दोन्ही त्याच्याकडे तोंड करून होती. हे मला फार मोठं वाटतं. चिवट गोळी घेतली की माणसाला वाटतं आता कुठूनही मारलं तरी चालेल, आणि तांब्याची गोळी खांदा फोडून आत गेलीही असती. पण त्याने स्वतःशी ठरवलं होतं, आडवं किंवा थोडं पाठमोरं, त्याशिवाय नाही. चौथ्या दिवशी एक मादी ७० यार्डावर आडवी उभी राहिली. नेम पुढच्या पायाच्या मागच्या रेषेने वर, छातीच्या एक तृतीयांश उंचीवर. वेग तिथं २६५० च्या आसपास असणार. ती उडाली, पळाली आणि पडली. त्याने पावलं मोजली, ४४. बर्फावर पहिल्या पावलापासून गुलाबी फेसाळ रक्त दोन्ही बाजूंना, म्हणजे आरपार. दोन्ही फुप्फुसं. गोळी सापडली नाही, मागे कुठल्या तरी मातीत गेली.

या वेळी फोन आला तेव्हा इथं पहाट होती. आवाज शांत होता, आनंदी नव्हता. म्हणाला, "मामा, आजीला सांग, दहाबारा सेकंद."

आईला सांगितलं. ती देवासमोर फुलं वाहत होती, हात थांबला, म्हणाली, "तेवढं तरी का?" आणि मग पुन्हा फुलं वाहायला लागली. माझ्याकडे याला उत्तर नाही. मेंदूवर किंवा मणक्यावर मारलं तर जागच्या जागी जातं, पण ती जागा लिंबाएवढी आणि डोकं सतत हलणारं, एक इंच चुकलं तर जबडा तुटून जनावर उपाशी मरतं. म्हणून फुप्फुस. दहाबारा सेकंदांच्या खाली भरवशाने आणायचा मार्ग मला सापडलेला नाही.

परवा पुन्हा फोन होता. मित्राचा मुलगा १२ वर्षांचा, यंदा तिथल्या पोरांच्या खास सीझनमध्ये बसणार, त्याला .२४३ दिलीय, धक्का कमी म्हणून, आणि वडिलांनी घरात पडलेली ५५ ग्रेनची पेटी काढलीय. मी ताडकन सांगितलं ती पेटी आधी कपाटात ठेवा, ती छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठी असते, लागताच फुटावी म्हणूनच बनवलेली, आणि .२४३ मधून ती जेवढ्या वेगाने निघते तेवढ्यात हरणाच्या खांद्यावर तुझ्याच पहिल्या वर्षाचं प्रकरण परत होईल, तेही पोराच्या हातून. ८० किंवा ८५ ची तांब्याची घ्या, नाही मिळाली तर १०० ची पार्टिशन किंवा बाँडेड. आणि कुठलीही घेतलीत तरी त्याच गोळीने १०० यार्डावर नवा झीरो करा, म्हणजे दुर्बिणीचा नेम पुन्हा जुळवा, गोळी बदलली की रायफल वेगळ्या जागी मारते. भाचा लिहून घेत होता. मग म्हणाला रिकाम्या काडतुसाची ट्रिक पोरावर करू का? म्हटलं आधी बापावर कर.